परसदारचा हिरवा आडोसा : पेण ते रोहा

दिवा-रोहा गाडीने पेण सोडले की खिडकीशी बसावे. रस्ता आपल्याला घरांची दर्शनी बाजू दाखवतो. आगगाडी मात्र पाठीमागून जाते. कासू, नागोठणे, निडी या स्थानकांच्या दरम्यान घरांची परसे एकामागून एक सरकत जातात : विहीर, धुण्याचा दगड, दोरीवरची लुगडी आणि खुर्चीत उन्हाला बसलेले एखादे वृद्ध माणूस. हे सारे आपल्याला दिसते आणि त्यांनाही ते ठाऊक असते.

पूर्वी परसामागे शेत असे. आता पुष्कळ ठिकाणी इमारतीच्या खिडक्या असतात. ज्यांना दुसऱ्याच्या हाताने अंघोळ करावी लागते, ज्यांच्या कमरेशी लघवीची पिशवी लटकते, त्यांना ती नजर बोचते. मग ते परसात येणेच सोडतात. कोवळे ऊन सुटते, चार पावले चालणे सुटते. आपल्या घरात असे कुणी असेल, तर आडोसा ही निव्वळ शोभेची बाब नव्हे, हे आपण जाणताच.

अशा वेळी माणूस रोपवाटिकेत जाऊन 'लवकर वाढणारे काही द्या' म्हणतो, आणि तिथेच फसतो. सुबाभूळ किंवा सुरू भराभर उंच होते, पण तिचा बुंधा वाऱ्याला सामोरा जायचा असतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या बागाही आडव्या झाल्या; घराला खेटून लावलेल्या उंच झाडाचे मग काय सांगावे? कोनोकार्पस या परदेशी झाडाच्या लागवडीवर तर गुजरातच्या वन विभागाने २०२३ मध्ये बंदी घातली. परागकणांमुळे होणारा सर्दी-दम्याचा त्रास आणि भूमिगत नळांत शिरणारी मुळे, ही त्यामागची कारणे. दमेकरी घरात असताना असे झाड कशासाठी आणावे?

पेणमध्ये आणखी एक विचार करावा लागतो, तो उन्हाचा. मूर्तिकारांच्या या गावात गणपती वाळतात, पोह्यांचे पापड वाळतात आणि म्हाताऱ्या सांध्यांनाही ऊनच हवे असते. दक्षिणेला उंच भिंतीसारखी झाडी उभी केली, तर हिवाळ्यात परसात दिवसभर सावली राहते. म्हणून आडोसा खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोके झाकेल एवढाच असावा. वरच्या मजल्याची नजर अडवायला न्हाणीपुरता वेलाचा मांडव पुरतो. हे माप आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. खांद्याएवढे कुंपण जमिनीवर उभे राहून कापता येते. त्याहून उंच झाले की स्टूल येते, आणि सत्तरीतल्या माणसाचे खुब्याचे हाड मोडायला एक डुगडुगते स्टूल पुरेसे असते.

कोकणाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच शोधले होते. त्याला आपण वई म्हणतो. या वईतली सगळीच झाडे मात्र वृद्धांच्या परसात चालत नाहीत. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. तसे झालेच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. मोगली एरंडाच्या बिया विषारी. कण्हेर आणि बिट्टी तर थेट हृदयावर परिणाम करतात. विस्मरणाचा आजार असलेले माणूस हाती येईल ते तोंडात घालू शकते, हे ध्यानात ठेवून ही झाडे टाळलेलीच बरी, फुले पूजेला कितीही शोभोत.

पूजेला जास्वंद आहेच. पावसाच्या आरंभी जून फांदीचे वीतभर तुकडे अडीच-तीन फुटांवर खोचावेत. पहिला उन्हाळा पाणी दिले, की दोन-तीन पावसाळ्यांत दाट आडोसा होतो. तिच्यावर पिठ्या ढेकूण पडतो; साबणाचे पातळ पाणी फवारावे. मधूनमधून तगर आणि अडुळसा लावावा. अडुळशाला गुरे सहसा तोंड लावत नाहीत. पेणच्या खारपट्ट्यात, जिथे माती खारवट, तिथे कोयनेल तग धरते. बुंध्याशी मात्र हातभर जमीन स्वच्छ ठेवावी, पालापाचोळा साचू देऊ नये. फुरशांचा आणि विंचवांचा हा मुलूख आहे, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे विंचूदंशावरील संशोधन याच जिल्ह्यातल्या रुग्णांवरच्या उपचारांतून उभे राहिले.

रोह्याला कुंडलिकेच्या अलीकडे माझ्या आत्याचे घर आहे. तिच्या मुलाने मोठ्या मायेने परसाच्या तिन्ही बाजूंनी जास्वंद लावली आणि ती इतकी दाटली, की आत्या निवांत बाहेर बसू लागली. एके सकाळी ती विहिरीशी घसरली. शेजारीण पलीकडेच भांडी घासत होती, पण तिला काहीच दिसले नाही. तासाभराने दूधवाला आला तेव्हा कळले. हाड शाबूत होते, हे नशीब.

आत्या म्हणाली, "कुंपण राहू दे, पण तेवढं एक झाड काढ." आता शेजारणीच्या अंगणासमोर माणूस जाईल एवढी फट आहे, आणि न्हाणी त्या फटीतून दिसत नाही. रोज सकाळी सातला तिथून हाक येते, "काकू, चहा झाला का?" आत्याने ओ दिली नाही, तर शेजारीण त्या फटीतून थेट आत येते.