तापीच्या काठावरून आरमाराकडे

फैजपुराहून समुद्र फार दूर आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मध्ये केळीच्या बागा, एवढीच आमची भूमी. म्हणूनच रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आम्ही वर्षानुवर्षे शिकवले ते जुन्या मराठी गद्याचा नमुना म्हणून. वाक्यरचना, फारसी शब्द, राजनीतीचा सूर. आरमाराचे प्रकरण आले की ‘हे कोकणातले’ म्हणून आम्ही पान उलटत असू.

एका वर्षी मागच्या बाकावरल्या विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण जहाजांचा खर्च कोण द्यायचं?” आम्हाला उत्तर देता आले नाही. घरी येऊन ते प्रकरण प्रथमच नीट वाचले.

उत्तर तिथेच होते. 1715च्या सुमारास लिहिणारे अमात्य सांगतात, की आरमाराचा तनखा मुलखातून नेमून द्यावा, बंदरांच्या मिळकतीवर टाकू नये. तसे केल्यास व्यापाऱ्यांस उपद्रव होतो आणि व्यापार बुडतो. लाकडाविषयीही तेच भान आहे. आंबा-फणस आरमाराच्या उपयोगाचे खरे, पण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. म्हणून मालकाच्या राजीखुशीने, मोल देऊनच ती घ्यावीत. जहाज म्हणजे केवळ लाकूड आणि तोफा नव्हेत. ते रयत, जंगल, महसूल व सुतार यांना बांधणारे राज्याचे दीर्घ नियोजन आहे, हे आम्हाला त्या रात्री उमगले.

असे असूनही फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता हे खरे. परंतु त्याच्यावर इंग्रजांची जहाजे चालून आली ती नानासाहेबांशी झालेल्या करारानुसार. पुढे धुळपांनी विजयदुर्गास पेशव्यांचे आरमार सांभाळले, मात्र समुद्रावरचे वर्चस्व हळूहळू इंग्रजांकडे गेले.

याच काळात आमची तापी जिथे समुद्रास मिळते त्या सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये मुंबईस गेले होते. कंपनीने त्यांना गोदी दिली, काम दिले, सातत्य दिले. पिढ्यान्‌पिढ्या वाडिया जहाजे बांधत राहिले. त्यांनी सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ 1817 मध्ये पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. कारागीर इथलेच होते. उणीव होती ती त्यांच्या मागे टिकून उभ्या राहणाऱ्या राज्यसत्तेची.

1936 साली याच फैजपुरात, खेड्यात भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात, स्वराज्याची चर्चा झाली. ‘स्वराज्य’ हा शब्द आम्ही वर्गात किती वेळा उच्चारला असेल! त्याचा हिशेब मात्र एका विद्यार्थिनीने मागितला. आता आज्ञापत्र शिकवताना आम्ही तिच्याच प्रश्नापासून आरंभ करतो.