हॅव, हॅज आणि जी. ए.

आज धारवाडच्या शिकवणीत पुन्हा प्रेझेंट परफेक्टपाशी घोडं अडलं. वहीत वाक्य होतं, ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’. मी ‘यस्टरडे’भोवती लाल गोल केला. मुलीचं म्हणणं, ‘काल मी त्याला पाहिलंय’ चालतं, मग इंग्रजीलाच काय धाड भरलीय? प्रश्न रास्त. आपला पूर्ण वर्तमानकाळ ‘काल’ला खुशाल शेजारी बसवून घेतो. इंग्रजीत ‘हॅव’ आलं की गोष्टीचा धागा आजपर्यंत पोचायला हवा. सरलेल्या दिवसाचं नाव घ्यायचं नाही.

मग जी. ए. कुलकर्णी आठवले. ते इथे धारवाडला इंग्रजीच शिकवायचे. ‘जी. एं.नी धारवाडला शिकवलं आहे’ असं आपण आजही बिनदिक्कत म्हणतो. इंग्रजीत अशा ‘हॅज टॉट’ला कर्ता सहसा हयात लागतो. जी. ए. १९८७ साली गेले. तेव्हापासून नुसतं ‘टॉट’. व्याकरण इतकं निष्ठुर असतं हे गाइडवाले कुठे सांगतात! पण धारवाडलाच कर्ता केलं की जमतं: ‘धारवाड हॅज हॅड मेनी ग्रेट रायटर्स’. त्यात जी. ए. आले, बेंद्रेही आले. ‘हॅज हॅड’ ऐकून मुलगी खुदकन हसली. पास्ट परफेक्ट उद्या घेईन. तिथे ‘हॅड हॅड’ आहे.