तारप्याची एक चाल

हस्तलिखित पोथीच्या दोन प्रती ताडून पाहणाऱ्यास कोठें तरी मूळ प्रत असेल, अशी आशा असते. सुराच्या बाबतींत ती आशा कितपत धरावी, हा प्रश्न शहापूर व मुरबाड तालुक्यांत तारप्याच्या एका चालीचीं निरनिराळीं ध्वनिमुद्रणें जमवितांना आमच्यापुढें उभा राहिला.

तारपा वाचकांनीं वारली चित्रांत पाहिला असेलच: मध्यें तारपकरी आणि त्याच्याभोवतीं वळसे घेत गेलेली नाचणाऱ्यांची रांग. वाळलेला दुधी भोपळा, त्यांत मेणानें बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढें ताडाच्या पानांचा लांब कर्णा, एवढाच त्याचा संसार. वाजविणारा गालांत वारा सांठवून नाकानें श्वास घेतो; त्यामुळें सूर तुटत नाहीं. 2014 सालीं पालघर जिल्हा वेगळा झाला व डहाणू, जव्हार हीं या वाद्याचीं प्रसिद्ध ठिकाणें तिकडे गेलीं. तरी ठाणें जिल्ह्यांत उरलेल्या पाड्यांवर भातकापणीच्या सुमारास तें अजून ऐकूं येतें.

आम्हांस त्या चालीच्या तीन प्रती मिळाल्या. पहिली एका जुन्या कॅसेटवरची. तींत ढोलकीची भर घालून चाल चार मिनिटांत आटोपली आहे. दुसरी 9 ऑगस्टच्या मिरवणुकींत कोणी मोबाइलवर टिपलेली. तेथें माणसें रस्त्यानें सरळ चाललीं असल्यामुळें लय घाईची आहे. तिसरी डोळखांबकडील एका पाड्यावर आम्हीं स्वतः रात्रीं घेतली. ती पाऊण तास चालते. तींत घुंगरांच्या काठीचे जमिनीवरील आघात आहेत, पावलांचा आवाज आहे, आणि चाल बदलतांच रांग उलट फिरते तेव्हांची आरोळीही आहे.

हीं तिन्ही मुद्रणें आम्हीं एका वृद्ध तारपकऱ्यांस ऐकविलीं व खरी चाल कोणती, असें विचारलें. बाबांनीं उत्तर दिलें नाहीं; उलट, नाचत कोण होतें, हेंच त्यांनीं प्रत्येक वेळीं विचारलें. त्या एका प्रश्नानें आमचा शोध दुसऱ्या वाटेस लागला. नाचणारे दमले कीं चाल सैल होते, रंगले कीं ती लांबते. तिचें माप तारपकऱ्याच्या स्मरणांत जितकें आहे, तितकेंच नाचणाऱ्यांच्या पावलांत आहे.

यंत्रानें कलेस कात्री लावावी, ही गोष्ट नवी नव्हे. गैसबर्गनें 1902 सालीं कलकत्त्यास गौहर जानचें गाणें मुद्रित केलें, तेव्हांपासून तबकडीच्या एका बाजूवरील सुमारें तीन मिनिटांत राग बसविण्याची विद्या गवयांस शिकावी लागली. परंतु मैफल तबकडीबाहेर जिवंत होती. शिष्य तबकडीपाशीं नव्हे, गुरूपाशीं बसत असे. पाड्यावरील स्थिति तशी राहिलेली नाहीं. तेथील मुलें आतां मोबाइलवरून चाल उचलतात, आणि मिरवणुकीची आखूड प्रतच अंगणांत परत येते. तींत रांग उलटविणारें वळणच नसल्यामुळें नाचणाऱ्यांस तें ठाऊक होत नाहीं.

म्हणून मुद्रणें करूं नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. तीं रात्रभर करावीं, पावलांसकट करावीं, आणि त्या वेळीं तारपकऱ्याच्या शेजारीं एक तरी मुलगा बसलेला असावा. यंत्राची सोय होण्यास वेळ लागला तरी चालेल. मुलगा मात्र याच हंगामांत बसला पाहिजे.