शेवंतीची झोप

विजेच्या बाबतीत आमचं घराणं पूर्वापार भित्रं. वडील फ्यूज बांधायच्या आधी पायांत रबरी चपला घालीत, लाकडी पाटावर उभे राहत आणि मग शेजारच्या माणसाला हाक मारीत. अशा कुळात जन्मून मी स्वतःच्या हातांनी एक विजेचा दिवा तयार केला, ही गोष्ट आमच्या नातेवाइकांना अजून खरी वाटत नाही. खरं म्हणजे मलाही पुष्कळ दिवस वाटत नव्हती. पण आईच्या शेवंतीचा प्रश्न होता.

दहिवलीतलं जुनं घर मोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा आईनं बरोबर तीनच गोष्टी आणल्या : देव, पाटा-वरवंटा आणि शेवंतीचे फुटवे. देव भिंतीवर चढले. पाटा-वरवंटा मिक्सरकडे तुच्छतेनं पाहत कोपऱ्यात बसला. शेवंती गॅलरीत गेली. दोन वर्षं दिवाळीला पिवळीधमक फुलली. मग पूर्वेला सात मजली इमारत उभी राहिली आणि आमच्या वाटचं ऊन तिनं जिन्यासकट विकून टाकलं. सूर्य आम्हाला दुपारी एकच्या सुमाराला पाव तास दिसतो. तोही पाहुण्यासारखा, टेकायचंसुद्धा नाही म्हणतो. शेवंती किडकिडीत, लांबट झाली आणि ऊन कुठं मिळतंय ते वाकून पाहू लागली. चौऱ्याऐंशी वर्षांची आई तिच्याजवळ बसून म्हणे, "माझ्यासारखीच झालीय."

हे वाक्य ऐकून मुलानं काय करावं? मी लॅमिंग्टन रोडला गेलो.

झाडाला उजेडातला तांबडा आणि निळा भाग जास्त उपयोगी पडतो. हिरवा ते बराचसा परत पाठवतं, म्हणून तर ते आपल्याला हिरवं दिसतं. निळा प्रकाश देणारा चांगला एलईडी बनवायला शास्त्रज्ञांना इतकी वर्षं लागली, की त्याबद्दल तिघांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. तो मला दुकानदारानं कागदाच्या पुडीत, फुटाणे द्यावेत तसा दिला. तीन वॅटचे आठ तांबडे, दोन निळे. ते तापू नयेत म्हणून ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवायचे असतात. पत्रा घरात नव्हता. आईचं जुनं ॲल्युमिनियमचं ताट होतं. आता नाही.

कर्जतला घाट चढणाऱ्या बऱ्याच गाड्यांना मागून इंजिन जोडतात. तसा मी शेवंतीला वरून दिवा जोडला. महिनाभरात झाड असं काही भरलं, की आईनं दृष्ट काढली. महिन्याला जेमतेम अकरा युनिटं खर्च, त्यामुळे सौभाग्यवतीही गप्प होती. तक्रार आली ती समोरच्या इमारतीतून. आमच्या गॅलरीतून रात्री जांभळट-गुलाबी उजेड पडतो, तिथं काही 'उघडलंय' का, अशी चौकशी दोघांनी केली. एकानं आत किती टेबलं आहेत तेही विचारलं.

दिवा रात्री जळायचा, कारण तो बंद कोण करणार? मी सकाळी लावून लोकल पकडायचो आणि रात्री नऊला परत यायचो. दिव्याला बटण नव्हतं. गॅलरीच्या कोपऱ्यात खाली वाकून प्लग काढावा लागे. तिथं पावसाळ्यात ओल. तिथं आई वाकू लागली, तर प्लगच्या आधी आईच निघायची, या भीतीनं मी तिला सक्त मनाई केली होती. ती आतून म्हणायची, "अरे, शांत कर तो दिवा. झोपू दे तिला." आई दिवा 'बंद' कर, 'विझव' असं कधी म्हणत नाही, शांत कर म्हणते.

"आई, झाडं झोपत नसतात," मी शास्त्रीय आवाजात सांगायचो.

"मग आम्ही लहानपणापासून दिवेलागणीनंतर फुलं का तोडत नाही?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण माझ्याकडे इंजिनियर मेहुणा होता. त्यानं टायमर आणून दिला. गोल तबकडी, भोवती शहाण्णव बारीक दाते. एक दाता म्हणजे पंधरा मिनिटं. जेवढे दाते दाबाल तेवढा वेळ दिवा चालू. सकाळी सात ते संध्याकाळी साडेसहा एवढे दाते मी एकेक मोजून दाबले आणि निश्चिंत झालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांची सुरुवात मी निश्चिंत झाल्यावर होते.

ही तबकडी विजेवर फिरते. वीज गेली की ती जागच्या जागी थांबते आणि वीज आली की जिथं होती तिथून पुढं चालू लागते. मधल्या काळात जगात काही घडलं असेल, याची तिला कल्पनाच नसते. (आमच्या हापिसात असे दोन गृहस्थ होते.) आणि आमच्याकडे तर पाऊस भिवपुरीला पोहोचला रे पोहोचला, की दहिवलीची लाइट जाते. आज एक तास, उद्या अडीच. असं करता करता गणपतीपर्यंत आमचा टायमर आठ तास मागं पडला. त्याच्या हिशेबानं सकाळचे सात वाजत, तेव्हा घरात दुपारचे तीन झालेले असत. दिवा दुपारी तीनला लागून मध्यरात्रीनंतर अडीचला मालवत होता. मी रात्री घरी येऊन, जेवून, टायमरवर विश्वास टाकून झोपत होतो. गॅलरीकडे बघायचं कशाला? स्वयंचलित होतं ना!

आई बघत होती. तिला झोप नसतेच. एकदा तिनं जुनं घोंगडं झाडावर टाकलं, ते मी पहाटे काढलं आणि झाड गुदमरेल म्हणून तिच्यावर ओरडलो. तिनं घोंगडं घडी घालून ठेवून दिलं.

त्या दिवाळीत शेवंतीला पानं होती, फांद्या होत्या, कळी एकही नव्हती. लक्ष्मीपूजनाला मी बाजारातून पाव किलो शेवंती आणली. आई एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

उलगडा केला तो खालच्या मजल्यावरच्या काकांनी. हे गृहस्थ उभा जन्म भातशेतीत घालवलेले. आपल्याकडे कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, 'कर्जत'च्याच नावानं भाताच्या जाती निघाल्या आहेत, तेव्हा इथं भातावर बोलणाऱ्याला मान असतो. काका म्हणाले, "रस्त्याच्या दिव्याखालचं जुन्या जातीचं भात पाहिलंय का? बाकीचं शेत निसवतं, ते आपलं हिरवंच. त्याला वाटतं अजून रात्र मोठी झाली नाही. शेवंतीचं तेच." १९२० साली गार्नर आणि ॲलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी हे तंबाखूच्या झाडांवरून दाखवून दिलं होतं म्हणे. काही झाडं रात्र पुरेशी लांबली की मगच कळी धरतात. मधेच उजेड पडला, की त्यांचा हिशेब चुकतो. शेवंतीचे मोठे बागाईतदार तर फुलं लांबवायची असली की मुद्दाम रात्री दिवे लावतात आणि लवकर हवी असली की झाडांवर काळं कापड घालतात.

"काळं कापड?" मी विचारलं.

"हो. किंवा घोंगडं."

मी जिना फार सावकाश चढलो.

पुढच्या पावसाळ्यात नवा टायमर आणला. याच्या पोटात स्वतःचा सेल. लाइट जावो, येवो, याचं घड्याळ चुकत नाही. सकाळी सातला चालू, संध्याकाळी साडेसहाला बंद. कुणी वाकायला नको, कुणी जागायला नको. मी आईला म्हटलं, "आता तुला काही करायला नको." आई "बरं" म्हणाली आणि आत जाऊन बसली. दोन दिवस बसूनच होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एक बटण बसवशील का? माझ्या हाताला येईल असं."

"कशाला? आपोआप होतं की."

"आपोआप होतं म्हणूनच."

बटण बसवलं. आईच्या खांद्याइतक्या उंचीवर, कोरड्या भिंतीवर. सौभाग्यवतीनं मेन स्विच बंद करून त्यावर पहारा ठेवला होता. पण शाळेत एकसर जोडणी आणि समांतर जोडणी यांच्या धड्याला मी गैरहजर असावा. मी समांतर जोडलं. म्हणजे बटण आणि टायमर यांपैकी एक जरी चालू असला तरी दिवा चालू. संध्याकाळी सहाला आईनं बटण बंद केलं. दिवा तसाच. पुन्हा दाबलं. तसाच. आई म्हणाली, "बरोबर आहे. या घरात माझं कोण ऐकतंय?"

त्याच रात्री टेस्टर, पकड आणि मेहुण्याचा फोनवरचा आवाज यांच्या मदतीनं एकसर जोडणी केली. आता दोघांचं एकमत असेल तरच दिवा लागतो आणि एकानंही नाही म्हटलं की मालवतो. लोकसभेत असं असतं तर काही कामच झालं नसतं. गॅलरीत झकास चालतं. टायमर आपला साडेसहाला हजर होतो, पण गेल्या सबंध मोसमात त्याला काम असं पडलेलंच नाही. आई सहालाच उठते, देवापुढं निरांजन लावते, मग भिंतीला धरून गॅलरीत येते आणि बटण दाबते.

दसऱ्यानंतर एका सकाळी तिनं मला चष्मा घालून बोलावलं. शेंड्याला हिरवे मणी धरले होते. आम्ही दोघांनी मोजले. माझे सतरा भरले, तिचे एकोणीस.

मघाशी हे लिहिताना पेन सापडेना, म्हणून गॅलरीतला साधा बल्ब लावला. साडेआठ वाजून गेले होते. आतून लगेच आवाज आला, "शांत कर तो आधी. झोपलीय ती."