तिरपा उजेड

वडिलांची राजदूत विकायचे ठरले, तेव्हा तिचे एखादे छायाचित्र असावे म्हणून आम्ही ती ताम्हिणी घाटात नेली. पाऊस नुकताच सरला होता. उतारांवर सोनकी फुलली होती. भर दुपारी आम्ही उभ्याउभ्याच पंधरावीस छायाचित्रे टिपली. साऱ्यांत घाट देखणा आणि गाडी मात्र वाटेत कुणी विसरून गेल्यासारखी. डोक्यावरच्या उन्हाने टाकीवर पांढराफटक डाग पडलेला, इंजिन काळोखात बुडालेले, हँडलमधून विजेचा खांब उगवलेला!

मग आम्ही थांबलो. ऊन कलल्यावर गाडी वळणाअलीकडे मोकळ्या कडेला घेतली, पुढचे चाक किंचित कॅमेऱ्याकडे वळवले आणि गुडघे टेकून कॅमेरा टाकीच्या उंचीवर आणला. आता रस्ता गाडीपासून निघून दरीकडे उतरत होता. बाजूने आलेल्या तिरप्या उजेडात टाकीच्या कडेचा, रंग झिजलेला एक गुळगुळीत पट्टा उजळून निघाला. वडिलांचा गुडघा तिथे टेकत असे. इतकी वर्षे गाडी पुसताना तो आम्हांला दिसला नव्हता.

गाडी गेली. नव्या मालकाने टाकी रंगवून घेतली, असे पुढे कळले. तो पट्टा आता त्या छायाचित्रातच उरला आहे.