छापील भामिनी

बालगंधर्व या नावाने ओळखले गेलेले नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांचा स्त्रीवेषातला चेहरा अनेक मराठी घरांनी रंगभूमीवर नव्हे, तर कागदावर पाहिला असावा, ही गोष्ट त्यांच्या कीर्तीविषयी लिहिताना सहसा दुर्लक्षिली जाते. त्यांच्या घराण्याशी निगडित नागठाणे कृष्णाकाठचे, आणि ज्या मिरजेत १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीतर्फे ते शकुंतला म्हणून प्रथम उभे राहिले, ती मिरज रेल्वेच्या वाटेवरची संस्थानी राजधानी. परंतु त्याच मुलखाच्या अंगाला पसरलेला माणदेश, म्हणजे माण, आटपाडी आणि भोवतालचा अवर्षणाचा पट्टा, रंगवलेले पडदे आणि भरजरी कपडेपट घेऊन फिरणाऱ्या मंडळ्यांचा खर्च पेलणारा नव्हता. तेथे जत्रेतला तमाशा होता, धनगरांच्या ओव्या आणि गजीनृत्य होते. संगीत नाटकाची नायिका तिथवर पोचली असेल, तर ती बहुधा छापूनच.

ही छपाई साधली ती हाफटोन ठशामुळे. या पद्धतीत मूळ छायाचित्राचा बारीक जाळीच्या काचेतून पुन्हा फोटो घेतात, त्यामुळे त्यातील छटा लहानमोठ्या ठिपक्यांत विभागल्या जातात; ते ठिपके धातूच्या पत्र्यावर उतरवले की मधली जागा आम्ल खाऊन टाकते आणि उंच राहिलेल्या ठिपक्यांनाच शाई लागते. जाळी जाड आणि कागद हलका असेल, तर गालाची कोवळी छटा करडी होऊन जाते, मात्र नथ, काठ, केसांतला गजरा यांच्या कडा टिकतात. ‘मानापमान’ (१९११) या नाटकात बालगंधर्वांनी साकारलेल्या भामिनीच्या वेषाचे अनुकरण स्त्रियांनी केले, असे नेहमी सांगितले जाते. त्यात अभिनयाचा वाटा मोठा असला, तरी लुगड्याचा घोळ आणि दागिन्यांची मांडणी सावकाश न्याहाळायला सापडली ती छापील चित्रातच, असे मानायला हरकत नसावी. आवाज मात्र कोणत्याही ठशात उतरत नव्हता, आणि बालगंधर्वांचे निम्मे सामर्थ्य तर आवाजात होते.

या चित्रांची मुळे बालगंधर्वांच्या रंगभूमीवरील पदार्पणापेक्षा जुनी आहेत. चित्रकार रविवर्म्याच्या मुंबईतील छापखान्यातून १८९४ साली प्रथम बाहेर पडलेले तैलरंगी शिळाछापाचे चित्र, म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेले चित्र, शकुंतलेच्या जन्माचेच होते. तेव्हा बालगंधर्वांनी शकुंतला साकारण्यापूर्वीच तिच्या कथेचे एक चित्र भिंतीवर टांगले गेले होते. आटपाडी ज्या औंध संस्थानात मोडत असे, त्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि औंधच्या डोंगरावर त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत. कोरडवाहू मुलखाला चित्रदृष्टी नव्हती, हा समज त्यामुळे निदान संस्थानापुरता तरी फोल ठरतो.

स्त्रीवेषातला नट छापण्याची वेगळी रीतही होती. जपानमध्ये १७९४–९५ च्या सुमारास शाराकू या कलावंताने काबुकी या तिथल्या नाट्यप्रकारात स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांचे लाकडी ठशांवरून छापलेले चेहरे काढले, तेव्हा रंगाखालचा पुरुषी जबडा आणि वय त्याने झाकले नाही, आणि ती चित्रे त्या काळी फारशी रुचली नाहीत, असे अभ्यासक मानतात. मराठी ठशाने उलट वाट धरली: त्यातली नायिका निखळ स्त्रीच असावी, हा आग्रह छायाचित्रकाराचा, नटाचा आणि गिऱ्हाइकाचाही होता. या आग्रहाची किंमत उत्तरायुष्यात मोजावी लागली. स्त्रिया रंगभूमीवर येऊ लागल्यानंतरही, उतारवयात स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची तुलना प्रेक्षक त्यांच्याच तरुण चित्राशी करत राहिले. ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटात ते संत एकनाथ झाले, पण तो चेहरा घरोघरी टांगला गेला नाही. गोपाळ देऊसकरांनी पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासाठी त्यांची दोन भव्य तैलचित्रे रंगवली ती मात्र एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले.