विहिरीच्या भिंतीवरील हंसराज

आमच्या कन्हानास नेच्यांची भूमि असें कोणी म्हणणार नाहीं. कन्हान नदी सातपुड्यांत उगम पावते, आणि त्या डोंगरांच्या दाट सावलींत, पचमढीच्या दऱ्यांत तर विशेषच, नेच्यांस कांहींच तोटा नाहीं. परंतु नदी आमच्यापाशीं येते तों मागें राहते ती विस्तीर्ण रेती आणि वर उघडें आकाश. २०१३ च्या मे महिन्यांत नागपुरास पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता, एवढें सांगितलें म्हणजे दूरच्या वाचकांस येथील उन्हाळ्याची कल्पना येईल.

तरीहि एक नेचा या मुलखांत टिकून आहे. त्याचें नांव हंसराज. जुन्या विटांच्या विहिरींत डोकावलें तर, ऊन पोंचत नाहीं अशा बाजूस, चुन्याच्या सांध्यांतून तो लोंबतांना दिसतो. देठ काळेभोर, घोड्याच्या केसासारखे चकचकीत. त्यांवर अर्धचंद्राकृति पर्णिका. त्यांवर पाण्याचा थेंब ठरत नाहीं. म्हणून ग्रीक भाषेंत या कुळास ‘न भिजणारा’ अशा अर्थाचें नांव पडलें, व शास्त्रांत तें ‘अ‍ॅडिअँटम’ या रूपानें चालतें.

तो विहिरींतून उपटून आणावा असें पुष्कळांच्या मनांत येतें; आम्हांस तें पसंत नाहीं. सांध्यांत रुतलेलें खोड अखंड निघत नाहीं, आणि विहीर मात्र उघडी पडते. शिवाय याच्या पानाचें टोंक चाबकाच्या दोरीसारखें लांबत जातें व ओल्या मातीस टेंकलें कीं तेथेंच मुळें धरतें. शेजारीं दुसरी कुंडी ठेवून टोंकावर लहानसा खडा दाबला म्हणजे झालें. मिळालेल्या एका कुंडीच्या आम्हीं एका पावसाळ्यांत पांच कुंड्या केल्या त्या अशाच. पर्णिकांच्या दुमडलेल्या कडेखालीं बीजाणु असतात, त्यांपासूनहि रोपें होतात. पण त्यास महिनेच्या महिने लागतात, आणि तोंवर विद्यार्थ्यांची परीक्षा येऊन ठेपते.

कुंडीच्या तळाशीं विटांचे तुकडे घालावे. वर कुजलेल्या पाल्याचें खत दोन भाग, नदीची रेती एक भाग, आणि मूठभर जुन्या चुन्याचा चुरा. जागा उत्तरेकडील पडवीची. परातींत खडे पसरून त्यांत पाणी ओतावें व कुंडी खड्यांवर ठेवावी. तिचा तळ पाण्यांत बुडूं देऊं नये. सारें कसब सभोंवतालची हवा दमट राखण्यांत आहे. लंडनच्या वॉर्ड नांवाच्या वैद्यास हें १८२९ सालीं सहज उमगलें. धुरामुळें त्याच्या बागेंत नेचे जगत नसत. पण पतंगाचा कोश ठेवलेल्या एका बंद बाटलींतील ओल्या मातींत एक नेचा आपोआप उगवला. पुढें १८३३ सालीं त्यानें तशाच कांचेच्या पेट्यांतून झाडें थेट सिडनीस पाठविलीं.

आमच्यापाशीं कांचेच्या पेट्या नव्हत्या. फाल्गुन संपतां संपतां पानें तांबूस झालीं, आणि चैत्रांत पांचही कुंड्यांत नुसते काळे देठ उरले. म्हातारे माळीबुवा म्हणाले, “पोट्टेहो, मेलेल्या झाडाले काहून जपून राह्यले? कुंड्या द्या, मी मिरच्या लावतो.” कुंड्या थोड्या, आणि स्वयंपाकघरास मिरच्यांची गरज खरी, त्यांचें म्हणणें अगदींच गैर नव्हतें. पण विहिरींतला हंसराजहि तेव्हां असाच वाळलेला होता, आणि तो दरवर्षीं परत येतो हें आम्हीं पाहिलें होतें. आम्हीं मृग नक्षत्रापर्यंतची मुदत मागितली. बुवांनीं मान हलविली. ती होकारार्थी होती असें आम्हीं धरून चाललों.

या झोपेच्या काळांत पाणी फार झालें तर खोड कुजतें, अजिबात तोडलें तर वाळतें. आम्हीं चौथ्या दिवशीं दोनतीन पळ्या पाणी घालीत असूं व कुंड्यांभोंवतीं ओलें गोणपाट गुंडाळीत असूं. पडवींतून येतां जातां बुवा कुंड्यांकडे पाहत, बोलत नसत.

मृगाच्या सरी पडल्यावर सहाव्या दिवशीं तिसऱ्या कुंडींत गव्हाच्या दाण्याएवढी, लवदार, आंत वळलेली एक गुंडी दिसली. आठवड्याभरांत आणखी दोन कुंड्या जाग्या झाल्या. उरलेल्या दोहोंत कांहींच आलें नाहीं. त्या आम्हीं शब्दाप्रमाणें बुवांस दिल्या. त्यांनीं त्यांत मिरच्या लावल्या आणि त्या उचलून पडवीच्या पार दुसऱ्या टोंकास, उन्हांत नेऊन ठेविल्या.